बाकाखालची बाटली

"यांना सांगा, पिशवी आडवी व्हायलीय," रत्ना म्हणाली.

सांगितलं तिनं समोरच्या बाकावरच्या बाईंना. पिशवी होती माझ्या मांडीवर आणि मी तिच्या शेजारीच बसले होते, खांद्याला खांदा लागेल एवढी. बाई सांगलीला चढलेल्या, त्यांना आमच्या घरातलं काय माहीत. त्यांनी इमानदारीत निरोप पोचवला. "पिशवी आडवी व्हायलीय म्हणतायत."

"मला डोळे आहेत म्हणावं," मी म्हणाले.

"डोळे असते तर झाकण ओलं झालेलं दिसलं असतं म्हणावं."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?"

"भावाची बायको," मी म्हणाले.

"नवऱ्याची बहीण," ती म्हणाली.

"मग तोंडानं बोला की. मला कशाला मधी घालता?" असं म्हणून त्या खिडकीकडे वळल्या आणि कराड येईपर्यंत त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात प्लॅस्टिकची बरणी, बरणीत डोळ्यांत पाणी आणणारं औषध आणि त्या औषधात सुपारीएवढा मांसाचा तुकडा. तो माझ्या भावाच्या हृदयातला होता. आदल्याच दिवशी मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर आजरेकरांनी भूपालची छाती उघडली होती आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून तो काढला होता. सगळी गाठ निघाली नव्हती, ती भिंतीतच रुजली होती.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना दारात बोलावून ट्रे दाखवला. आमच्याकडे दाखवतातच, काय काढलं ते नातेवाइकांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. मी बघितलं. रत्नानं पदर तोंडाला लावला, पण बघितलं तिनंही.

"हृदयात गाठ क्वचित होते," आजरेकर म्हणाले. "झाली तरी बहुतेक वेळा साधी असते, काढली की काम झालं. ही मला साधी दिसत नाही. पण दिसण्यावर औषध देता येत नाही. टीबीची असली तर एक औषध, कॅन्सरची असली तर दुसरं. आणि ते लगेच सुरू करावं लागतं. इथं बघणारे आहेत, पण मी स्वतः अशी गाठ आख्ख्या नोकरीत दोनदा बघितलीय. पुण्यात एक बाई आहेत, डॉक्टर गद्रे, त्या हृदयाचंच बघतात. कुरियरला दोन दिवस जातील. तुमच्यातलं कुणी जाईल का?"

"मी जाते," मी म्हणाले.

"मी जाते," रत्ना म्हणाली.

आजरेकरांना वाटलं, किती जीव आहे दोघींचा. जीव होताच, नाही कशाला म्हणू. पण दोघी निघालो त्याचं कारण वेगळं होतं. ती बरणी मी तिच्या हातात सोपवणार नव्हते आणि ती माझ्या. भूपाल आयसीयूत होता, बाहेर बसायला रत्नाचा भाऊ आला होता. सकाळच्या गाडीला आम्ही दोन तिकिटं काढली, दोघींनी आपापली.

आमचा अबोला सहा वर्षांचा होता. कशावरून, ते ऐकाल तर हसाल. मी चौतिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा आईनं मला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. त्यावर मी इचलकरंजीत आमच्या माडीवर शिवणक्लास काढला, पोट भरलं, भावाला कधी भार झाले नाही. आई गेली आणि वर्षाच्या आत एके दिवशी मी बाजारातून आले तर मशीन जागेवर नाही. रत्नानं ते तिच्या बहिणीला देऊन टाकलं होतं. का, तर माझ्याकडे दुसरं नवं आहे. मी विचारलं, मला विचारावंसं वाटलं नाही का? ती म्हणाली, घर माझं आहे. त्या दिवशी मी तिच्याशी शेवटचं बोलले.

एका घरात राहून न बोलणं सोपं नसतं, पण सवयीनं जमतं. "कुणीतरी गॅस चालू ठेवलाय," असं भिंतीला सांगायचं. "कुणालातरी दळण आणायचं दिसत नाही," असं मांजराला. आणि भिंतीला सांगून भागणार नाही असं काही असलं की भूपाल होताच. मागाचे सुटे भाग विकायचं त्याचं दुकान, माणूस लोण्यासारखा मऊ. दुपारी जेवायला आला की हात धुता धुता म्हणायचा, "आक्का, रत्ना विचारतीय, उद्या मंदिरात तू जाणार का ती जाणार?" मी सांगायचे, तो आत जाऊन तिला सांगायचा. कधी वैतागला नाही. पोस्टमनचा पगार तरी द्या म्हणायचा, एवढंच.

आता त्या बाटलीचं सांगते. ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पुण्याला बरणी घेऊन निघालो त्याच्या चार महिने आधीची गोष्ट. भूपालला जिना चढताना धाप लागायला लागली, छाती भरल्यासारखी व्हायची. आमच्या गावातल्या डॉक्टर हेरवाड्यांनी तपासलं आणि सांगितलं, हृदयाभोवती एक पिशवी असते, तिच्यात पाणी झालंय, काढावं लागेल. सुई घालून काढलं. पाणी कसलं, कोकमाच्या सरबतासारखं लालभडक निघालं. भूपालला नळ्या लावून आत ठेवलं आणि कंपाउंडरनं एक छोटी बाटली आणून बाहेरच्या बाकावर ठेवली. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला रत्ना.

"यात कॅन्सरच्या पेशी आहेत का बघायचं असतं," तो म्हणाला. "मिरजेच्या लॅबचा पत्ता चिठ्ठीवर आहे. कुणीतरी दुपारपर्यंत पोचवा, उद्या उपयोग नाही."

एसटीनं तासाभराचा रस्ता. मला वाटलं, नवरा तिचा आहे, ती जाईल. आणि मी उठले असते तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, आक्कानं मला हातसुद्धा लावू दिला नाही म्हणून. मी घरी जाऊन भूपालसाठी पेज करून आणली. आले तर ती बाकावर नव्हती आणि बाटलीही नव्हती. म्हटलं, गेली. एरवी भूपालनं विचारलं असतं, "आक्का, रत्ना विचारतीय, तू नेतीस का?" पण भूपाल दाराच्या पलीकडे नळ्या लावून पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी चप्पल बाकाखाली सरकली. काढायला वाकले तर बाटली तिथं. बाकावरून गडगडलेली, फरशी पुसणाऱ्या बाईनं आत लोटलेली. तळाला काळं साकळलं होतं, चिठ्ठी भिजून फाटली होती. मी तशीच वाकून राहिले. म्हणजे बाटली दिली त्या दिवशी रत्ना मंदिरात गेली होती, लॅबला नाही. तिला वाटलं असणार मी नेली.

तेवढ्यात हेरवाडे आले. रत्नाही मागोमाग आली, डबा घेऊन.

"टीबीची तपासणी आपण इथंच केली, त्यात स्पष्ट काही नाही," ते म्हणाले. "मिरजेचा पेशींचा रिपोर्ट आला का?"

रत्ना माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर म्हणायचं, की बाटली गेलीच नाही? तिला ते आयुष्यभर पुरलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काही नाही म्हणाले. कागद मागाहून पाठवतील."

हेरवाड्यांनी केसपेपरवर लिहिलं, पेशी नॉर्मल. "मग टीबीच धरू," म्हणाले. "आपल्याकडे असं पाणी पुष्कळदा टीबीचंच असतं." ते गेल्यावर मी बाटली रुमालात गुंडाळून मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. दुसऱ्या दिवसापासून भूपालला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी व्हायची, त्यावर तो विनोद करायचा. मी रोज सकाळी स्वतः गोळ्या मोजून द्यायचे, एकही चुकू दिली नाही.

चार महिन्यांनी पायांवर सूज आली, पोट फुगलं, दुकानातच चक्कर येऊन पडला. मिरजेला नेलं तर सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयात गाठ, प्रत्येक ठोक्याला हलणारी.

हे सगळं त्या दिवशी गाडीत माझ्या पोटात होतं. आणि शेजारी रत्ना, जिला यातलं काही माहीत नाही अशी माझी समजूत.

डॉक्टर गद्रेंची लॅब एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. पोचायला तीन वाजले. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, कपाळावर आठी कायमची. बरणी उजेडात धरून बघितली.

"झाकण नीट लावता येत नाही का?"

"दवाखान्यातच असं लावलं होतं," मी म्हणाले.

"गाडीत पिशवी आडवी झाली होती," रत्ना डॉक्टरांना म्हणाली.

"तुम्हाला विचारलं नाही." बाईंनी हातमोजे घातले, तुकडा ताटलीत काढला, चिमट्यानं इकडचा तिकडे केला. "हं. बराचसा भाग गोठलेलं रक्त आहे आणि मेलेलं मांस. यात कामाच्या पेशी किती मिळतील सांगता येत नाही. पुन्हा काढायचा म्हटलं तर पुन्हा छाती उघडावी लागेल."

"नाही जमायचं," रत्ना म्हणाली. "आजरेकर म्हणाले, आता सोसायचं नाही त्यांना."

"मग जे आहे त्यात बघायचं." बाईंनी फाइल उघडली, एकेक कागद उलटला. मला माहीत होतं कुठला कागद येणार. "चार महिन्यांपूर्वी पाणी काढलं होतं. पेशी नॉर्मल, असं हातानं लिहिलंय. रिपोर्ट कुठाय?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

"कुठल्या लॅबमध्ये केलं? नाव सांगा, मी फोन करते. त्यांच्याकडे त्या पाण्याचा थेंब लावलेली काच ठेवलेली असेल, ती मला बघायचीय. आणि नसली तरी त्यांचं मत मला धरावं लागतं. पाण्यात काही नाही, टीबीचा संशय आधीपासून, मग या तुकड्यात मला चार वाकड्या पेशी दिसल्या तर मी शंभरदा विचार करीन. कळतंय का? नाव सांगा."

त्यांनी फोन उचलला. लॅबचं नाव सांगावं तर पाच मिनिटांत खोटं उघडं पडणार. नाही सांगावं तर त्या नॉर्मलवर भूपालचा निकाल लागणार. मी तोंड उघडलं, पण आवाज आला तो दुसरीकडून.

"ती बाटली गेलीच नाही," रत्ना म्हणाली.

बाईंनी फोन खाली ठेवला. "म्हणजे?"

"लॅबला पोचलीच नाही. बाकाखाली पडून होती. नॉर्मल ते खोटं आहे."

मी मान वळवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून तिच्याशी बोलले.

"तुला कसं माहीत?"

"बघितली होती मी. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"दुसऱ्या दिवशी? म्हणजे मला दिसायच्या आधी?"

"हो. चिठ्ठी तेव्हा कोरडी होती."

"आणि तू तशीच ठेवलीस?"

"तुम्ही नेणार होता ना? ह्यांचं सगळं मीच बघते म्हणून आख्ख्या गल्लीला सांगता. म्हटलं बघूया."

"बघूया?"

"हो, बघूया. तुम्ही हेरवाड्यांना काय सांगता ते पण बघितलं. शेजारीच तर उभी होते."

"मग बोलली का नाहीस त्याच वेळी?" माझा आवाज चढला होता. "तुझा नवरा आहे तो."

"आणि तुमचा भाऊ नाही?" तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "म्हटलं असू दे. पुढंमागं मशीनचं काढलं तुम्ही, की हे काढता येईल."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच हात उचलला मी. डॉक्टर गद्रेंनी टेबलावर चिमटा आपटला.

"बाहेर. दोघी. इथं माणसाचं काळीज ठेवलंय ताटलीत आणि तुम्ही भांडताय. शरम वाटत नाही?" मग केसपेपरवरच्या त्या ओळीवर त्यांनी पेनानं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, तपासणी झालेली नाही. "यावर सही करा. कोण करणार?"

मी केली. रत्नानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली तिनंही केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दारातून मी मागं वळले. "बाई, एक विचारू? त्या वेळी ती बाटली पोचली असती तर..."

"तर काय?"

"तर वाचला असता?"

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता तरी जरा मऊ बोलतील. "अशा गाठीत पाण्यात पेशी सापडतातच असं नाही. पुष्कळदा नाही सापडत. सापडल्या असत्या तर चार महिने आधी उपचार सुरू झाले असते, गाठ तेव्हा लहान असती, कदाचित सगळी निघाली असती. कदाचित नसतीही. मला माहीत नाही आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. जा आता."

खाली रस्त्यावर आम्ही भांडलो. सहा वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं निघालं. मशीन निघालं, आईच्या आजारपणात कुणी किती केलं ते निघालं, तिला मूल झालं नाही त्यावर मी कधीतरी काहीतरी बोलले होते तेही निघालं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं, तिला वार आणि तारखेसकट पाठ होतं. एक रिक्षावाला थांबून बघायला लागला, त्याच्या अंगावर दोघी मिळून धावलो.

"तू मारलंस त्याला," मी म्हणाले.

"आपण मारलं," ती म्हणाली. "एकट्या माझ्या डोक्यावर घालायचं नाही, आक्का."

आक्का म्हणाली ती मला. मला तेही सहन होईना.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. रत्नानं तिचा डबा उघडला, दोन चपात्या आणि चटणी झाकणावर काढून माझ्याकडे सरकवली.

"खा. दिवस चाललाय."

"मला नको तुझं."

"मग उपाशी मरा. मी आता कुणाला निरोप द्यायला सांगणार नाही."

मी खाल्लं. चटणीत मीठ जास्त होतं, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या भावाला अशीच लागते. मग तिला रडू आलं आणि ती चपाती हातात धरून तशीच रडत बसली. मी तिच्या पाठीवर हात बित ठेवला नाही. माझंच मला आवरत नव्हतं.

नवव्या दिवशी पुण्याचा रिपोर्ट आला. आजरेकरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. भूपालला तोवर आयसीयूतून खोलीत आणलं होतं.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापासून होणारा. त्या तुकड्यात अगदी थोड्या पेशी होत्या, पण गद्रे बाईंनी दोनदा रंग देऊन बघितल्या, त्यांना शंका नाही. पुढच्या आठवड्यापासून केमो सुरू करू, आठवड्याला एक सलाईन. गाठ आकसते, काही दिवस चांगले जातात. पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. रुग्णाला मी सांगू का?"

"आत्ता नको," मी म्हणाले.

"टाके तरी सुकू देत," रत्ना म्हणाली. "तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, आक्का."

"तू तुझं बघ."

आम्ही दोघींनी नळावर तोंडं धुतली, पदरानं कोरडी केली. जिन्यात ठरवलं, म्हणायचं रिपोर्ट अजून आला नाही. मी खोटं बोलणार, ती मान हलवणार. आम्हाला त्याची सवय होती.

भूपाल उशाला टेकून बसला होता, वर्तमानपत्र वाचत. दाढी वाढलेली, पण रंग जरा परतला होता. "काय, पुण्याहून काय कळलं का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले. "आठवडा लागेल म्हणाले."

रत्नानं मान हलवली. तो खाली सरकला होता, त्याला वर घ्यायला ती पलंगाच्या पलीकडे गेली. "आक्का, ती उशी द्या जरा."

"हं. पाठीकडून धर, टाक्यांवर जोर देऊ नको."

"धरलंय. तुम्ही तिकडनं उचला."

आम्ही त्याला वर घेतला, उशी लावली, चादर नीट केली. मग माझं लक्ष गेलं, भूपाल वर्तमानपत्र बघत नव्हता. तो रत्नाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा रत्नाकडे.

"कॅन्सर आहे का?" तो म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"आता तुम्हीच."

रत्ना चादरीची घडी पुन्हा पुन्हा दाबत राहिली. भूपालनं वर्तमानपत्र मिटलं आणि बाजूला ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता, ते मला अजून दिसतं. "सहा वर्षं घसा कोरडा केला मी," तो म्हणाला. "आधी कळलं असतं तर आधीच आजारी पडलो असतो."

त्याला केमो चालू केली. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर गाठ निम्म्यानं आकसलेली दिसली. केस गेले, टोपी घालून दुकानात बसायला लागला. जो भेटेल त्याला सांगायचा, "माझ्या काळजापायी दोघींनी अबोला सोडला. एवढा फायदा झाला बघा आजाराचा." लोक माना डोलवायचे. आम्ही दोघी चहाचे कप घेऊन तिथंच उभ्या असायचो. अकरा महिने जगला. शेवटपर्यंत त्याला असंच वाटत होतं, की हे त्याच्यावरच्या मायेनं झालं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं आमच्याकडून वचन घेतलं, की पुन्हा अबोला धरायचा नाही.

चौदा वर्षं झाली त्याला. वचन मोडलेलं नाही. त्याच घरात राहतो, ती खाली, मी माडीवर, आणि रोज बोलतो. बोलतो म्हणजे भांडतो, गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारणी म्हणतात, वय झालं आता तुमचं, कधीतरी गप्प बसा. त्यांना काय माहीत, गप्प बसायची आम्हाला भीती वाटते. मशीन मला परत मिळालं नाही. मी त्याचं पुन्हा कधी काढलं नाही आणि तिनंही बाटलीचं काढलं नाही.

मागच्या महिन्यात रत्नाच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी सुईनं त्यातलं काढून बाटलीत दिलं, मिरजेला पोचवा म्हणाले. दोघी बाकावर बसलो होतो, जवळजवळ.

"मी नेते," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. मी बाटली उचलली आणि एसटी स्टँडवर गेले.

चार वाजता परत आले तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती, दुपारचं जेवली नव्हती. मी लॅबची पोच तिच्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावला. नाव वाचलं, तारीख वाचली, शिक्का बोटानं चाचपून बघितला. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही वाचली असती.

"वेळ लिहून घ्यायची होती," ती म्हणाली.

"घेतलीय. मागं बघ."

तिनं पोच उलटी केली आणि मागं बघितलं.